दोन मशिदींचा चांद

दुपारी पाटसच्या एसटी थांब्यावर शेंगांची पुडी घेऊन गेणबा टेकला, तो नेमका दोन भावांच्या मधे. थोरल्या दगडूभाईंची आज ईद होती, धाकट्या इब्राहिमचा अजून रोजा. दोघांच्या मशिदी वेगळ्या, आणि काल चांद एकीलाच दिसला होता.

"भाई, जगातल्या समद्या मुसलमानांनी एक व्हायला पायजे."

"व्हय. सुरुवात कुणी करायची?"

"तुमच्या मशिदीनं. तुमाला चांद लई लवकर दिसतो."

"आन् तुमाला चष्मा लागलाय."

"शेंगा घ्या," गेणबा मधे पडला.

"रोजा हाय, आबा."

"मग थोरल्यांनी तरी घ्या. ईद हाय न्हवं तुमची?"

"नको."

"भाई, सकाळपासनं खाल्लं काय तुमी?" इब्राहिमनं विचारलं.

"नमाजाआधी एक खजूर."

"आन् शिरखुर्मा?"

"दौंडला, आपाच्या घरी. दाजी गेल्यावरची पहिली ईद हाय तिची. आपले दोघं भाऊ संगं जेवलेलं बघायचंय तिला. दिवस मावळला की बसू."

"म्हंजी माझ्यासाठी तुमीबी रोजा धरलाय की!"

"गप. ईदीला रोजा धरत न्हाईत. मला नुसती भूक न्हाई."