दुपारच्या सुट्टीतला फोन

मावशी : ...आणि बादल्यांचा फोटो कुणी पाठवला म्हणालीस?

ताई : मीच. हसू नका.

मावशी : हसत नाही गं. डोळ्यांपुढे आलं, एवढंच. देणगीदारांची ती एवढी मोठी समिती, गळ्यात ओळखपत्रं अडकवून बसलेली, आणि समोर पडद्यावर आपल्या न्हाणीघरातल्या बादल्या.

ताई : मग काय पाठवणार होते? त्यांना आपल्याकडच्या बायकांचे हसरे फोटो हवे होते. इथे राहून गेलेल्या एकाही बाईचा फोटो आपण आजवर काढलेला नाही. तुमचाच नियम. चेहरा दिसला की नवरा माग काढत दाराशी येतो.

मावशी : नियम बरोबरच होता.

ताई : मी कुठे चूक म्हणतेय? पण त्यांनी सरळ लिहिलं, तुमचं काम दिसून येत नाही, यापुढे पैसे नाहीत.

मावशी : दिसू नये म्हणून तर जिवाचा आटापिटा केला आपण. जाऊ दे. आता त्यांचे पैसे जनजागृतीला जातील. फुगे सोडतील, टोप्या वाटतील. ती उशी टाक इकडे. बंद करायच्या आधी उशा सगळ्या रुग्णालयात द्यायच्यात.

ताई : मावशी, मला त्या लॉण्ड्रीत काम करणाऱ्या बाईबद्दल बोलायचंय.

मावशी : सकाळपासून तेच तर बोलतेयस.

ताई : तुम्ही उत्तर देत नाही म्हणून. आज लॉण्ड्रीची मालकीण बाहेर जाणार आहे. म्हणून ही दुपारच्या सुट्टीत फोन करणार. मुलीची परीक्षा झाली की मुलीला घेऊन इथे येते म्हणतेय. परीक्षा संपणार पुढच्या महिन्यात. तोवर इथे कुलूप आणि हा नंबरही बंद.

मावशी : तिला काही सांगायचं नाही.

ताई : का पण?

मावशी : कारण घाबरून निघेल. तयारी नाही, कागद हाताशी नाहीत, आणि निघेल. बायका सापडतात त्या अशाच घाईत, तुला का मी सांगायला हवं? कधी निघायचं ते तिचं तिने ठरवायचं. आपण मागून ढकलायचं नाही.

ताई : आणि न सांगता तिला पोरीसकट कुलपापुढे उभं करायचं?

मावशी : तोवर मी काहीतरी बघते.

ताई : काय बघता? सरकारी वसतिगृह भरलंय. ती दुसरी संस्था मुलांसकट कुणाला घेत नाही. बरं, नंतर कळवू म्हणाल, तर कसं कळवणार? आपण कुणाला उलटा फोन करत नाही. तोही तुमचाच नियम.

मावशी : फोन नवऱ्याच्या हातात असला तर?

ताई : म्हणून तर म्हणतेय. ती परत कधी करेल काही नेम नाही. आज नाही सांगितलं तर संपलंच.

मावशी : तुला काय जातंय बोलायला! तुझी नवी नोकरी ठरली. पहिल्या तारखेला तू तिकडे, निस्तरायला मी इकडे.

ताई : हे बोलायलाच हवं होतं का?

मावशी : नव्हतं. चुकलं माझं. डोकं ठिकाणावर नाही गं.

(फोन वाजतो. ताई तो स्पीकरवर टाकते.)

फोनवरची : ताई, मीच. मालकीण गेलीय, पण भराभर बोलते. इस्त्रीवाला भाऊ कधीही आत येईल.

ताई : बोला ना. कशा आहात?

फोनवरची : बरी आहे. म्हणजे हात बरा आहे आता. गेल्या वेळी तुम्ही सांगत होतात आणि मला फोन ठेवावा लागला. त्या खोलीचं हो.

ताई : कुठल्या?

फोनवरची : आमच्या. म्हणजे आम्हाला द्याल ती. खिडकी आहे म्हणालात. उघडते का ती? आमच्याकडची त्याने खिळे ठोकून बंद केलीय.

ताई : उघडते.

फोनवरची : बाहेर काय दिसतं?

ताई : शेजारच्यांची गच्ची. कपडे वाळत असतात.

फोनवरची : अगंबाई, तिथेही कपडेच का! सुटका नाही मेली. बरं, दाराला आतून कडी?

ताई : आहे.

फोनवरची : तो रात्री सुरू झाला ना, की मी मनातल्या मनात ती कडी लावते. मग सोसतं. मुलीलाही सांगितलंय. नाव-गाव नाही हं सांगितलं, नुसतं म्हटलं, एक खोली आहे. तर म्हणते, खिडकीशी मी झोपणार. आत्तापासून भांडण! ताई? ऐकताय ना?

ताई : ऐकतेय.

फोनवरची : आज तुमचा आवाज असा का?

ताई : काही नाही. परीक्षा... कधी संपते म्हणालात?

फोनवरची : पुढच्या महिन्यात. शेवटचा पेपर झाला की मी मागे वळून बघत नाही.

ताई : बरं. मग... तोवर जपून राहा, आणि...

मावशी : दे इकडे फोन.

ताई : मावशी, तुम्हीच म्हणालात ना...

मावशी : मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. नसलेल्या कडीच्या भरवशावर तिला महिनाभर मार खायला लावू? दे. हं, ऐक बाळ. मी इथली मावशी, ही संस्था मी चालवते. ती खोली पुढच्या महिन्यात नसेल. महिनाअखेरीला आम्ही बंद करतोय. पैसे संपले.

फोनवरची : म्हणजे?

मावशी : म्हणजे तू परीक्षेनंतर आलीस तर इथे कुणी नसेल.

फोनवरची : तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

मावशी : बरेच दिवस झाले.

फोनवरची : आणि मी आपली खिडक्या विचारत बसले. ताई, तुम्हीसुद्धा? किती हसला असाल.

ताई : नाही हो. शपथ, नाही.

फोनवरची : तो म्हणतो तेच खरं मग. तुझं बाहेर आहे कोण, म्हणतो.

मावशी : चीड माझ्यावर. चिडायलाच हवंस. मी तर तुला सांगणारसुद्धा नव्हते.

फोनवरची : मग मी करू काय आता?

मावशी : ते मी सांगणार नाही. तुझ्या वतीने ठरवणारा एक घरात आहे, तो पुरे. खोली आज आहे, एवढंच सांगते.

फोनवरची : आणि आज आले नि महिना संपला की? परत धाडाल?

मावशी : परत धाडणार नाही. ठेवीन कुठे ते मला आज माहीत नाही. माझं घर दोन खोल्यांचं, त्यात मुलगा-सून. त्यांना विचारावं लागेल, ती दोघं नाही म्हणतील, मग मी भांडेन. पण परत नाही.

फोनवरची : परीक्षा?

मावशी : ताई शाळेशी बोलेल. जमेलच असं नाही.

फोनवरची : तुम्ही पक्कं काहीच सांगत नाही.

मावशी : पक्कं म्हणून सांगितलं होतं, ते काय झालं बघितलंस ना?

फोनवरची : हो भाऊ, झालंच! गिऱ्हाईकाचा फोन आहे. ...मावशी, मी येते असं म्हणत नाही.

मावशी : नको म्हणूस.

फोनवरची : मुलगी पाचला सुटते. तो आज दुसऱ्या पाळीला, दुपारीच निघतो. ...कुठे यायचं असतं?

मावशी : बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर. पूर्वी आमची गाडी यायची, आता ड्रायव्हरलाही सोडलं. मीच येऊन बसेन. पांढरे केस, हातात काठी. कपडे-बिपडे काही आणू नकोस, फक्त मुलीला आण.

फोनवरची : उगाच ताटकळाल. मी नाहीच आले तर?

मावशी : तर उद्या येऊन बसेन. महिनाअखेरपर्यंत मला दुसरं काम काय आहे?