पालखीचा पहिला खांदा

गोदूबाई : पायरीवर नका उभं करू त्याला, मालोजीराव. आत येऊ द्या.

मालोजी : जा रं चांगू. तुझी गोदूमावशीच हाय, लाजतोस काय!

गोदूबाई : कपड्यांचं बोचकंही आणलंत. म्हणजे भेटीला नव्हे, सोडायला आलात.

मालोजी : काय करू गो बाय? भावकी आयकत नाय.

गोदूबाई : माघात आश्रमाच्या ह्याच पडवीत उभं राहून काय म्हणालात? आमच्या कापडे गावच्या जत्रेत हुतुतू खेळायला मुलगा गावच्या घरातलाच लागतो, आमच्या घरी मूल नाही, देवीपुढे नारळ फोडून ह्याला मुलगा करून घेतो. म्हणालात ना?

मालोजी : म्हनलो. फोडला बी.

गोदूबाई : सहदेव गुरुजींना त्या दिवशी आनंदानं घास उतरेना. ह्या अनाथ पोरांना त्यांनी हुतुतू शिकवायला घेतला, तेव्हा आश्रमाची मोठी माणसं हसली होती. हा चांगू तर कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. कुणी हात लावला की किंचाळायचा. मैदानात पोरांनी कमरेला मिठ्या मारून लोळवला, तेव्हा पहिल्यांदा हसला. गुरुजी म्हणाले, खेळानं हसू दिलं, आता घरही दिलं.

मालोजी : खेळला बी तसाच! तुडील गावच्या पोरांनी पाय धरला, पर गड्यानं दम नाय तोडला. फरफटत जाऊन रेघेला हात लावला. भावकीनं डोक्यावर घेऊन नाचवला.

गोदूबाई : मग बिघडलं कुठे?

मालोजी : पालखीपाशी. जो डाव जिकून देतो, त्याचा पालखीला पयला खांदा. ह्यानं खांदा लावला आन् आमच्या थोरल्या रावजीदादाचं त्वांड उतरलं. म्हनला, आज खांदा, उद्या बांध. कूळकायद्याचे दिस, कुनाचं नाव कुठल्या जमिनीवर चढंल नेम नाय. धाकटा भाऊ मुंबैवरनं आला, तो बी तेच. ‘वापस छोडून ये’ म्हनतो.

गोदूबाई : आणि हरला असता तर?

मालोजी : खोटं कशाला बोलू? ऱ्हायला असता. गुरं राखली असती.

गोदूबाई : देवीपुढच्या नारळाचं काय?

मालोजी : दादा म्हनतो, तो खेळापुरता.

गोदूबाई : फोडताना देवीला तसं सांगितलं होतंत?

मालोजी : नका वो बोलू. आमची कारभारीन आवडी कालधरनं जेवली नाय.

गोदूबाई : मीही जेवले नाही. ह्याला घर मिळावं म्हणून सोमवार धरले होते. आज उद्यापन होतं.

मालोजी : एक ऱ्हायलं. आमचं आडनाव आता लावू नको, एवढी समज द्या त्याला.

गोदूबाई : दिलंत तुम्ही, काढूनही तुम्हीच घ्या.

(मालोजी टोपी काढतो, पुन्हा घालतो.)

चांगू : नका सांगू, बा. आयकलं मी... मालोजीकाका.

मालोजी : येतो मी. यष्टी चुकंल.

गोदूबाई : हात धू, बाळ. उद्यापनाची खीर आहे.

चांगू : गुरुजी कुठं हायेत?

गोदूबाई : मैदानात. नव्या पोरांना तुझीच गोष्ट सांगताहेत. चांगलं खेळलं की घर मिळतं म्हणून.

चांगू : मंग मी आज नाय जात तिकडं, मावशी. सांगू दे त्यांना.