खोका नंबर सात

तेत्सुओ: ...दहा सेकंद! या घरातली कुठलीही वस्तू माग. दहा सेकंदांत तुझ्या हातात दिली नाही, तर नाव बदलीन.

फुमिए: शिलाई मशीन.

तेत्सुओ: दुसरं काहीतरी माग.

फुमिए: मला दुसरं काही नकोय. मशीनच हवंय. नात पहिलीत चाललीये, मिओची शाळा तीन दिवसांवर आली. पुस्तकांची पिशवी, बुटांची पिशवी, खेळाच्या कपड्यांची पिशवी, तिन्ही शिवायच्यात. हा बघा शाळेचा कागद. रुंदी चाळीस, उंची तीस, बंद पस्तीस सेंटिमीटर. जास्त लांब झाली तर खुंटीवरून जमिनीला टेकते म्हणे.

तेत्सुओ: करवत माग ना. थांब, मागू नकोस, देतोच. एक, दोन... ही घे! अडीच सेकंद!

फुमिए: करवतीनं पिशव्या शिवू?

तेत्सुओ: मुद्दा शिवायचा नाही, व्यवस्थेचा आहे. हा फलक बघ. प्रत्येक हत्यारामागे त्याच्याच आकाराची काळी रेघ. हातोडी काढली की हातोडीची आकृती उरते. म्हणजे काय नाहीये ते आंधळ्यालाही दिसेल.

फुमिए: आंधळ्याला कसं दिसेल?

तेत्सुओ: कारखान्यात सदतीस वर्षं आमचा विभाग शिस्तीत पहिला यायचा. भिंतीवर आकृती, खोक्याला नंबर, नंबराला यादी.

फुमिए: हे घर आहे. आणि ही भिंत नाही, हे गाद्यांचं कपाट आहे.

तेत्सुओ: होतं. आता हा कार्यविभाग आहे. गाद्या टीव्हीसमोर रचल्यात. आत पंधरा खोके, नंबर घालून. बाहेर फलक, चोवीस स्क्रूंनी बसवलेला. हलवून बघ. हलतोय का?

फुमिए: नाही हलत.

तेत्सुओ: बघ!

फुमिए: दारही हलत नाहीये.

तेत्सुओ: कुठलं दार?

फुमिए: कपाटाचं, अहो! लाकडी चौकटीवर कागद लावलेलं सरकतं दार आहे ते. दोन दारं आहेत. डावं उजव्यामागे जातं, उजवं डाव्यापुढे येतं. तुम्ही दोन्हींवर मिळून एकच फलक ठोकलाय.

तेत्सुओ: ठोकला नाही, स्क्रूनं बसवलाय. आणि डावं दार थोडं आत होतं, तिथे मी खास लाकडी पट्टी घातली. हात फिरवून बघ, किती सपाट आलंय!

फुमिए: सपाट कसलं, सपाट! दार उघडायचं कसं?

तेत्सुओ: कारखान्यात सरकती दारं नव्हती.

फुमिए: आणि शिलाई मशीन कुठाय?

तेत्सुओ: खोका नंबर अकरा. यादीत आहे.

फुमिए: खोका नंबर अकरा कुठाय?

तेत्सुओ: आत.

फुमिए: माझा शिवणाचा डबा?

तेत्सुओ: बारा. त्यातच हेअर ड्रायर. दोन्ही तुझ्या वस्तू म्हणून एकत्र.

फुमिए: वा. स्क्रू काढा.

तेत्सुओ: काढतो की! बॅटरीवरच्या स्क्रू मशीननं चोवीस स्क्रू म्हणजे दोन मिनिटं... हं. बॅटरी संपली. काळजी नको, चार्जर आहे. खोका नंबर सात.

फुमिए: खोका नंबर सात कुठाय, ते मी विचारत नाही. साधा, हातानं फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर?

तेत्सुओ: तोही सातमध्ये. मशीन घेतल्यावर हातानं कोण फिरवत बसतं?

फुमिए: या फलकावर काय काय आहे हो? माशा मारायची जाळीसुद्धा आहे, आकृतीसकट. आणि स्क्रू ड्रायव्हर नाही?

तेत्सुओ: जागा संपली. जाळी आकारानं मोठी आहे.

फुमिए: मी ओगावारांकडून मागून आणते. शेजारी आहेत, नाही म्हणणार नाहीत.

तेत्सुओ: ओगावारांकडे अजिबात नको.

फुमिए: का?

तेत्सुओ: काल तासभर बसवून त्यांना सगळं दाखवलंय. म्हणाले, हिराबायाशीसान, तुम्ही वर्ग घ्या वर्ग. आज स्क्रू ड्रायव्हर मागायला जायचं?

फुमिए: काल त्यांच्या चहात काय पडलं होतं, आठवतंय? खिळे! मी किटलीत चहाची पत्ती म्हणून खिळे घातले. खळखळ वाजले तेव्हा कळलं.

तेत्सुओ: डब्यावर स्पष्ट लेबल होतं.

फुमिए: लेबल होतं "चहा"!

तेत्सुओ: लेबल झाकणावर असतं. झाकणं सगळी सारखी. तू झाकणं अदलाबदल केलीस.

फुमिए: मी आयुष्यभर झाकणांवर लिहिलं नाही, आणि आयुष्यभर आपण चहाच प्यायलो. ऐका. विहीणबाई म्हणत होत्या, पिशव्या मी शिवते, त्सुझुकींच्या घरात सगळ्यांच्या मीच शिवल्या. मी फोनवर छाती ठोकून सांगितलं, नको, आजीनं शिवायच्या तर मिओला माझ्या हातच्या हव्यात. कापडसुद्धा पोरीनं माझ्यासोबत येऊन निवडलं. बुलडोझरवालं. आता मी विहीणबाईंना काय सांगू? मशीन यादीत आहे म्हणून?

तेत्सुओ: चिडू नकोस. तोवर कापड कापायला घे. कात्री बाहेर आहे. बघ, तिची आकृती किती छान आलीये.

फुमिए: माझी कापडाची कात्री तुम्ही खिळ्याला टांगलीत? ...अहो.

तेत्सुओ: काय?

फुमिए: ही कापत नाहीये. चावतेय. हिनं तुम्ही काय कापलंत?

तेत्सुओ: काही नाही.

फुमिए: काय कापलंत?

तेत्सुओ: पॉलिश पेपर. पण सरळ रेषेत.

फुमिए: तीस वर्षं! तीस वर्षं मी या कात्रीनं साधा कागद कापू दिला नाही कुणाला. आपल्या लेकीनं, कानाएनं लहानपणी एकदा चित्र कापलं होतं, तर तिला तासभर बोलले मी. आणि तुम्ही पॉलिश पेपर!

तेत्सुओ: धार लावून देतो. धारेचा दगड...

फुमिए: आत.

तेत्सुओ: खोका चार.

फुमिए: म्हणजे ही कात्री आता कागदच कापायच्या लायकीची राहिली.

तेत्सुओ: तसं म्हटलं तर हो.

फुमिए: बरं. बाजूला व्हा.

तेत्सुओ: काय करतेस? अगं, फुमिए! दाराचा कागद तो! मागच्याच वर्षी नवा लावलाय! अगं फाडतेस काय?

फुमिए: फाडत नाही, कापतेय. सरळ रेषेत. फलकाच्या खाली पुरेशी जागा आहे. हे बघा, एका बाजूनं झालं. आता या आतल्या पट्ट्या लागल्या. द्या ती करवत.

तेत्सुओ: करवत? दाराला?

फुमिए: दहा सेकंद झाले.

तेत्सुओ: ही घे. पण तू नको, मी कापतो. तू वाकडी कापशील.

फुमिए: कापा. अजून. हं. आता हात घाला. अकरा नंबर.

तेत्सुओ: हा पंधरा... हा नऊ... सापडला! अकरा! बघितलंस? नंबर नसता तर अंधारात सापडलं असतं का?

फुमिए: नंबर नसता तर माझं मशीन खिडकीखाली असतं, जिथे ते एकोणीस वर्षं होतं. बारा पण काढा. त्यात माझी छोटी कात्री आहे. आणि सात काढा, तुमचा चार्जर घ्या, आणि कृपा करून मी शिवत असताना या खोलीत येऊ नका.

तेत्सुओ: मग मी काय करू?

फुमिए: काही करू नका.

तेत्सुओ: मिओसाठी मलाही काहीतरी करू दे की. माझीही नात आहे.

फुमिए: ...ती गणिताची पेटी आहे बघा टेबलावर. शाळेनं सांगितलंय, आतल्या एकूण एक वस्तूवर मुलीचं पूर्ण नाव हवं. मोजायच्या काड्या, चकत्या, फासे, घड्याळाचे काटेसुद्धा. एकशे बारा वस्तू. कानाए ऑफिसातून येऊन किती करणार? ते तुमचं लेबल छापायचं यंत्र आहे ना?

तेत्सुओ: अगं, हे आधी नाही का सांगायचं! चार मिलिमीटरची पट्टी आहे माझ्याकडे. काडीवरसुद्धा बसेल. आणि एकदा बसलं की बसलं. उकळत्या पाण्यात टाक, निघायचं नाही.

फुमिए: नाव कागदावर लिहून देऊ का?

तेत्सुओ: माझ्या नातीचं नाव मला लिहून देणार? जा तू. शीव.

(शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी. कानाए दारात बूट काढतानाच बोलायला लागते.)

कानाए: आई, पिशव्या कसल्या सुंदर झाल्यात गं! सासूबाईंना फोटो पाठवला. म्हणाल्या, शिवण नीटस आहे. त्यांच्या तोंडून म्हणजे पदकच समज. संध्याकाळी येणारेत, सगळं सामान बघायला.

फुमिए: येऊ देत. उलटून बघितलं तरी धागा दिसायचा नाही. फक्त ते कपाट बघू नकोस.

कानाए: कपाटाला काय झालं? बाबा, ही फळी कसली?

तेत्सुओ: तात्पुरती आहे. आधी गणिताची पेटी बघ. रात्रंदिवस बसून केलीये. एकही लेबल तिरकं नाही.

कानाए: अय्या, काड्यांवरपण! बाबा, काटकोनात लावलंयत सगळं. किती बारीक अक्षर... बाबा.

तेत्सुओ: भिंग देऊ?

कानाए: नको, वाचता आलं. हिराबायाशी मिओ.

तेत्सुओ: बरोबर.

कानाए: हिराबायाशी कोण?

तेत्सुओ: म्हणजे काय, आपण!

कानाए: आपण म्हणजे तुम्ही आणि आई. मी आठ वर्षांपूर्वी त्सुझुकी झाले, बाबा. लग्नात भाषण केलंत तुम्ही. मिओ जन्मल्यापासून त्सुझुकी मिओ आहे.

फुमिए: अहो!

तेत्सुओ: यंत्रात हिराबायाशी आधीच भरलेलं होतं. सगळ्या हत्यारांना लावलं ना. त्यामुळे मी फक्त मिओ जोडलं. वेळ वाचला.

कानाए: एकशे बारा वस्तूंवर!

तेत्सुओ: एकशे चौदा. दोन फासे जास्त निघाले.

फुमिए: नाव बदलीन म्हणाला होतात. पोरीचंच बदललंत.

कानाए: उद्या शाळेत बाईंना काय वाटेल माहितीये? माझा घटस्फोट झाला! पोर माहेरच्या नावावर घातली! आणि त्याआधी संध्याकाळी सासूबाई ही पेटी उघडणार. पिशव्या हट्टानं आमच्याकडून काढून घेतल्या, आता नातपण घेतली म्हणतील.

फुमिए: म्हणतील काय, म्हणणारच! मी असते तर मीच म्हटलं असतं. काढा ती लेबलं. आत्ताच्या आत्ता. नखानं काढा.

तेत्सुओ: नखानं नाही निघत. कंपनीची हमी आहे.

कानाए: मग कशानं निघतात?

तेत्सुओ: गरम हवेनं. माहितीपत्रकात आहे. हेअर ड्रायर धरला की गोंद मऊ होतो. एका वस्तूला दहा सेकंद.

फुमिए: हेअर ड्रायर! आहे की आपला. कानाए, तू तोवर काड्या वेगळ्या कर. तिघं बसलो तर विहीणबाई यायच्या आत होईल. अहो, ड्रायर आणा. बारा नंबर.

तेत्सुओ: हो.

फुमिए: उभे का?

तेत्सुओ: ते भोक मी सकाळी बंद केलं. या फळीनं. ओगावारा गल्लीत घरोघर फिरवायची नोटीस घेऊन येणार होते, त्यांना दिसलं असतं.

फुमिए: पण खोके बाहेर ठेवले असतील ना?

तेत्सुओ: बाहेर कसे ठेवीन? आधी सगळं जागेवर लावलं. बॅटरी भरून घेतली, चार्जर सातमध्ये ठेवला, मग फळी लावली. आठ स्क्रू.

कानाए: मग काढा की स्क्रू, बाबा! बॅटरी भरलीये ना?

तेत्सुओ: जुनी झालीये ती. आठव्या स्क्रूला संपली.

फुमिए: मी ओगावारांकडे जाते.

तेत्सुओ: नको.

फुमिए: अजून कसला मान उरलाय तुमचा?

तेत्सुओ: मानाचं नाही. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे नाहीये.

फुमिए: मग कुणाकडे आहे?

तेत्सुओ: मी जानेवारीत मागून आणला होता. सातमध्ये आहे.

कानाए: बाबा, त्याला तरी लेबल लावलं नाहीत ना?

तेत्सुओ: लावलं. हिराबायाशी.