गाडी विकायला काढली तेव्हा

पत्रकार म्हणून मंत्र्यांशी भांडून मी कधी दमलो नाही, पण त्या जर्मन गाडीने मला पार दमवलं बघा. सेकंडहँड घेतली होती, मोठ्या हौसेने. आधी एसी गेला, मग गिअरबॉक्स, आणि आता सस्पेन्शन. वाघोलीच्या गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा जो खर्च सांगितला, तेवढी गाडीची किंमतही उरली नव्हती. बायको म्हणाली, "अहो, पुरे झालं. विका आता." मीही कंटाळलोच होतो. विकायचं ठरलं.

रविवारी खराडीहून एक तरुण गाडी बघायला आला. गाडीभोवती फिरून म्हणाला, "काका, सस्पेन्शन बसलंय."

"जाहिरातीत तसं लिहिलंय मी."

"या गाड्या म्हणजे नुसता शो हो. दम काहीच नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा. तुम्ही स्वतः चालवलीय कधी?"

"नाही, पण..."

"मग ऐकीव माहितीवर बोलू नका. घाटात या गाडीने भल्याभल्यांना मागे टाकलंय!"

"काका, चिडता कशाला? तुमच्याच किमतीत घेतोय मी."

"तुम्हाला द्यायचीच नाही!"

तो हात जोडून निघून गेला. मी वर आलो. बायकोने बाल्कनीतून सगळं ऐकलं होतं.

"जिंकलात?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! माझा एकही मुद्दा खोडता आला नाही त्याला."

"छान. आता गॅरेजवाल्याला फोन करा, गाडी दुरुस्तीला ओढून न्या म्हणावं."