कार्डावरचं 'नाही'

तुम्हाला सांगते, कांजण्यांच्या नव्या लसीची चाचणी सुरू होती, तेव्हा मी समुद्रपूरकडच्या गावांत घरोघरी जायची. लस घेतलेल्या लेकराला ताप, पुरळ काही आलं का, ते आईने रोज कार्डावर लिहायचं. संगीताच्या कार्डावर सगळीकडे 'नाही'. तिच्या चार वर्षांच्या आरोहीने मात्र फ्रॉक वर करून मला पोटावरची पुरळ दाखवली.

"संगीता, हे काऊन नाई लिहिलं?"

"ताई, तुम्ही इतक्या उन्हात येता. तुमची लस नापास झाली असती ना!"

"अवो, तुम्ही खरं नाई लिहिलं, तर उद्या दुसऱ्या लेकरांले काय होईल, ते कसं समजन?"

संगीताने पेन मागितला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "ताई, मघाशी दिलेलं माह्या पोरीचं कार्ड वापस द्या जरा."