धूर न करता नऊ मजले

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांना त्यांचा भाचा भेटला, बांधकामावरचा मुकादम.

"अरे, तू इथे कसा?"

"साहेबांना घेऊन आलोय, आत्या. गुडघा सुजलाय."

"पडले की काय?"

"नाही गं. प्रदूषण कमी करायचं म्हणून त्यांनीच साइटवरचा जनरेटर बंद करायला लावला. नेमके तेव्हा स्वतः नवव्या मजल्यावर होते. लिफ्ट बंद! जिन्यानं उतरले बिचारे."

"मग आता जनरेटर चालू करतील."

"छे! 'धूरमुक्त बांधकाम' म्हणून पेपरात फोटो आलाय. त्यांनी ऑफिसच तळमजल्यावर आणलं."

"आणि विटा, सिमेंट?"

"आम्ही वाहतो की डोक्यावर. साहेब म्हणाले, माणसांचा कुठे धूर निघतो?"