सुमनकाकूचा व्हिडिओ कॉल

आमच्या कुंडलच्या सुमनकाकूचं सांगतो. तिला जन्मापास्नं ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. घरोघरी फोन आले, पण तिच्या काय कामाचे? गेल्या वर्षी आमच्या मळ्यापातूर इंटरनेट आलं. सांगलीच्या मूकबधिर शाळेतली तिची मैत्रीण शालन म्हसवडला दिलेली. लग्नानंतर दोघींची गाठच न्हवती. मी तिचा नंबर मिळवून व्हिडिओ कॉल लावला. काकूला दोन्ही हात मोकळे पायजेत, म्हणून फोन तांब्याला टेकवला.

शालन दिसली अन् काकूची बोटं जी सुटली! भुवया, ओठ, खांदे, सगळं बोलायला लागलं. मधीच हसायची, मधीच डोळं पुसायची.

काका दारातच थबकलं. हळूच मला म्हणालं, "आरं, इतकी वर्षं मला वाटायचं, ही लय अबोल हाय!"